वेळ, अंतर, शिसं

४ मार्च, सोमवार

आज आईला मीच औषध दिलं. घरच्या माणसाला घरच्याने देऊ नये असा आमच्या विभागात संकेत आहे, पण ती दुसऱ्या कुणाच्या हातून घेईना. "विषच द्यायचं तर पोटच्या पोरीने द्यावं," म्हणाली. आमचे डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

शिशाच्या डब्यात छोटी बाटली, बाटलीत आयोडीन, त्यात नळी. दिसायला पाणीच. आईच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ गेलं वर्षभर बेफाम सुटली आहे. हात थरथरतात, छाती धडधडते, वजन निम्मं झालं आणि राग दुप्पट. ही गाठ आयोडीन खाते. म्हणून किरणं फेकणारं आयोडीनच तिला खायला घालायचं, की ती आतल्या आत जळून गप्प होते. हे मी रोज कुणाला ना कुणाला समजावते. पण आईने नळी ओठात धरली आणि मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले.

मग नेहमीची पोपटपंची केली. दोन आठवडे वेगळ्या खोलीत राहायचं, ताट-पेला वेगळा, कुणाला जवळ घ्यायचं नाही, लहान मूल आणि दिवस गेलेली बाई यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. किरणं काही चिकटत नाहीत, दिव्यासारखं आहे, लांब गेलं की कमी होतं. वेळ, अंतर, शिसं. आमच्या धंद्याची सगळी अक्कल या तीन शब्दांत आहे. थोडा वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये शिसं ठेवा.

"आपल्या घरात कोण आहे तसं, दिवस गेलेलं?" आईने विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हटलं, कुणी नाही.

७ मार्च, गुरुवार

दोन रेघा उमटल्या. न्हाणीघरात बादलीवर बसून बघत राहिले. आनंद झाला का? झाला असेल. मला आधी टॅक्सी आठवली. सोमवारी आईला घरी आणताना मागच्या सीटवर मी तिला खेटून बसले होते, कारण तिला वळणावर गरगरतं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

मागच्या वेळी सगळ्या जगाला सांगून बसले होते आणि मग तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. येईल तो समजूत घालायचा. ते दुःखापेक्षा वाईट होतं. असं का झालं, ते कुणालाच सापडलं नाही. "होतं असं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते पटायला हवं होतं, कारण आमचं सगळं खातंच त्यावर चालतं. मूठभर अणू असले तर त्यातले निम्मे कधी फुटतील ते घड्याळ लावून सांगता येतं. एकच असला तर तो आत्ता फुटेल की पुढच्या वर्षी, कुणाच्या बापाला सांगता येत नाही. माझ्या पोटात एकच आहे.

म्हणून यावेळी झाकली मूठ. नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावरून कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही कळेल. नियमाप्रमाणे मीटरमामांना सांगायला हवं, म्हणजे ते मला बाटल्यांच्या खोलीतून काढून टेबलाच्या कामाला बसवतील. मीटरमामा म्हणजे आमच्या विभागात कुणाला किती किरणं लागली ते मोजणारे अधिकारी. निवृत्तीला आलेत, गळ्यात कायम मीटर, माणूस देवासारखा. पण मला टेबलाला बसलेली पाहिलं की सगळ्यांना कळेलच. पोटातले ठोके दिसेपर्यंत थांबते. तोवर जपून राहीन.

कुणाशी बोलता येत नाही म्हणून हे लिहिते आहे.

संध्याकाळी आईच्या खोलीच्या दाराबाहेर रोजच्यासारखी खुर्ची टाकून बसले. बसता बसता खुर्ची मागे सरकवली, पार भिंतीपर्यंत. आई बघत होती. बोलता बोलता थांबली.

९ मार्च, शनिवार

आई रुसली आहे. कालपासून तिने आपणहून दार लावून घेतलंय. ताट दाराशी ठेवलं की मी स्वयंपाकघरात परत जाईपर्यंत दार उघडत नाही. बोलायचं असेल तर म्हणे फोन कर. आता मी ओट्यापाशी उभी राहून मागच्या खोलीत फोन लावते. नवरा म्हणाला, "एका घरात राहून ट्रंककॉल. आई, खोलीचा कोड नंबर काय तुमचा?" आतून आईचं हसू ऐकू आलं. माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोलते. "उभ्याने भांडी घासत बसू नकोस," म्हणाली. म्हणजे मी घासलेली भांडी तिला पसंत नाहीत, हे जुनंच आहे.

खुर्ची सरकवल्याचं तिला लागलं असणार. लागो. नंतर समजावीन.

विभागातली कपडे धुवायची व्यवस्था बंद पडली आहे, त्यामुळे कोट घरी आणावे लागतात. आई म्हणाली, "दाराच्या कडीला अडकवून ठेवत जा, मी इस्त्री करीन. नुसती बसून गंजायला लागले आहे." तिला तेवढाच विरंगुळा. इस्त्री तिच्या खोलीतच असते.

एक लबाडी केली. आमच्या छातीवर एक बिल्ला असतो, तो महिनाभरात किती किरणं लागली ते साठवतो. संध्याकाळी तो दारातल्या फळीवर टांगून घरी जायचं असा नियम आहे. मी कालपासून घरी आणते. घरात मला किती लागतंय ते नको का कळायला? संध्याकाळी घरच्या कपड्यांवर लावते. फळीकडे कोण बघतंय, सगळ्यांना घरी पळायची घाई.

१२ मार्च, मंगळवार

आज अक्षर कसंही येईल.

आमच्याकडे एक शिशाचं जाडजूड भांडं आहे, त्याला आम्ही गाय म्हणतो. आत एक धातू सतत फुटत असतो आणि त्यातून दुसरा तयार होत असतो. रोज सकाळी त्यातून मिठाचं पाणी ओढायचं की हा दुसरा त्या पाण्यात उतरतो, म्हणजे गाईचं दूध काढायचं. तेच दूध दिवसभर लोकांच्या शिरांत सोडायचं, म्हणजे हाडं, मूत्रपिंडं, हृदय यंत्रावर दिसतात. हे मी डोळे मिटून करू शकते. आज उघड्या डोळ्यांनी बाटली निसटली. काचेच्या आडोशामागेच फुटली, पण मनगटावर थेंब उडाले.

मीटर मनगटापाशी नेला तर तो ओरडत सुटला. धुतलं, पुन्हा धुतलं, कातडी लाल होईपर्यंत. मीटरमामा शेजारी उभे राहून मोजत होते. "झालं, गेलं. उद्यापर्यंत उरलंसुरलंही विझेल. एवढी का घाबरतेस, नवीन आहेस का?" खरंच, नवीन असते तर घाबरले नसते. नवीन माणसाला काय माहीत असतं?

जास्त करून हातमोज्यावरच पडलं होतं. हे मला माहीत आहे. दूध एका दिवसात नासतं, म्हणजे त्याचा जोर संपतो, हेही माहीत आहे. पण माझ्या धंद्यातलं सगळं शहाणपण आज न्हाणीघरापर्यंतच पुरलं. तिथे दार लावून रडले.

फोनवर आईला काही बोलले नाही. ती म्हणाली, "आवाज का असा? दमलीस? कोट ठेव आणि जाऊन पड. बादल्या जावईबापूंना उचलू दे." मला कामचुकार समजते की काय कोण जाणे.

१६ मार्च, शनिवार

सकाळी उलटी. नळ मोठा सोडला म्हणून कुणी ऐकलं नाही.

बिल्ला आता घरच्या कपड्यांवर लावत नाही. नवऱ्याने विचारलं होतं, हे काय, घरात पण ड्यूटी का? मग कोटाच्या आतल्या खिशालाच टोचून ठेवायला लागले आणि पुढे ते लक्षातूनच गेलं. आज सकाळी कोट चढवताना पाहिलं तर बिल्ला उलटा टोचलेला. आईने इस्त्रीसाठी काढून परत लावला असणार. प्लास्टिक वितळलं असतं नाहीतर. पाच मिनिटं इस्त्रीच्या टेबलावर पडला असेल, त्याने काय होतंय.

इस्त्री मात्र पूर्वीसारखी नाही. बाह्या चुरगळलेल्या असतात आणि कोटाला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. हात अजून थरथरत असतील बिचारीचे.

दुपारी नवरा बाजारातून लिंबांची पिशवी घेऊन आला. "आईंनी फोन करून सांगितलं. कशाला विचारलं तर म्हणे घरात असावीत." आईला आंबट कधी चालत नाही. औषधाने तोंडाची चव गेली असेल.

१९ मार्च, मंगळवार

आईचे लांब राहायचे दिवस संपले. तिला फोन केला, म्हटलं, ये आता बाहेर. म्हणाली, "राहू दे. मला इथेच बरं वाटतं."

मी आग्रह केला नाही. खरं लिहायचं तर सुटकेचा श्वास टाकला. तिच्या गळ्यात अजून थोडं उरलंय, थोडंच, पण उरलंय. माझीच आई, आणि ती बाहेर आली नाही म्हणून मला बरं वाटलं. असली भीती माणसाला कुठे नेऊन ठेवते बघ.

जेवताना नवरा म्हणाला, "तुमचं भांडण झालंय का? आई पेला स्वतः धुतात, परत उकळत्या पाण्यात घालतात. मी हात लावायला गेलो तर अंगावर आल्या."

रुसवा एवढा लांबायला नको होता.

२४ मार्च, रविवार

आज सुट्टी. कोट दोरीवर वाळत होता. आईचा फोन, "कोट नाही ठेवलास?" म्हटलं, ओला आहे, आणि आज रविवार, इस्त्री उद्या कर. मग म्हणाली, "ओला असला तरी चालेल." मी हसले. म्हटलं, हिला इस्त्रीचं वेडच लागलंय. वाळल्यावर नेऊन अडकवला.

स्वप्न पडलं की गाय फुटली आणि दूध घरभर पसरलं. दचकून उठले तेव्हा नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. त्याने विचारलं काय झालं. म्हटलं, झुरळ.

३० मार्च, शनिवार

महिन्याचे बिल्ले काल गेले. मोजून येतील. माझा काढून देताना वाटलं, यात त्या दिवसाच्या थेंबांचं सगळं उतरलं असेल. यंत्राला कुठे खोटं बोलता येतं. उगाच दिला असं वाटलं, पण न देण्याचं कारण काय सांगणार.

नवीन बिल्ला फळीवरच ठेवते. घरी आणण्यात काही अर्थ नव्हता.

१० एप्रिल, बुधवार

मीटरमामांनी केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. त्यांचं दार कधी लागत नाही, बिजागरीसुद्धा कुरकुरली.

"तुझ्या बिल्ल्यात वर्षभराची मर्यादा एका महिन्यात ओलांडली आहे. दुपटीच्या वर."

मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बाटली फुटली त्याबद्दल काहीतरी बोलले मी. ते मान हलवत होते. "चार थेंबांनी एवढं होत नाही. आणि ही गाईच्या दुधाची किरणं नव्हेत. बिल्ल्यात वेगवेगळ्या जाडीचे पडदे असतात, ते सगळे भेदून ही पार गेली आहेत. हे जास्त जोराचं काहीतरी आहे. तू कुठे होतीस, पोरी?"

कुठे होते? घर आणि विभाग, विभाग आणि घर. आईच्या जवळ तर मी फिरकलेही नाही. मग त्या टॅक्सीतलंच का? पण टॅक्सीत बिल्ला फळीवर होता. काही जुळेना. डोकं चालत नव्हतं.

आणि मग तोंडातून निघून गेलं. मामा, मला दिवस गेलेत.

मीटरमामांनी गळ्यातला मीटर काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना मीटरशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते मला पाणी आणायला गेले.

११ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. मी छताकडे बघत होते. पंख्याच्या एका पात्यावर जाळं होतं, तेवढंच आठवतं. पडद्याकडे बघायची हिंमत नव्हती. मागच्या वेळी बघितलं होतं, तेव्हा पडद्यावर काही हललं नव्हतं.

"बघ की इकडे. लुकलुकतंय."

बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लगबगीने उघडमीट करत होतं.

जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला. ठोके आहेत, पण किरणं लागली असतील तर? मागच्या वेळीही आधी ठोके होतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयोडीन पोटात गेलेलं नाही, आणि गेलं असतं तरी बाळाच्या गळ्यातली गाठ अजून तयारच झालेली नाही, ते घेणार कुठून. बाहेरून लागलंय का ते रक्तावरून कळेल, रक्त पाठवलंय, थोडे आठवडे लागतील. "तोवर काय करू?" म्हटलं. "जेव," त्या म्हणाल्या.

घरी कुणाला काय सांगू? नवऱ्याला सांगायचं तर आनंदाची बातमी आणि भीतीची बातमी एकाच वाक्यात सांगावी लागेल. उद्या सांगीन. मन चिंती ते वैरी न चिंती, हे खरं आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मीटरमामा म्हणाले, "मार्चमध्ये वापरलेला कोट दे." त्यांनी तो टेबलावर पसरला आणि मीटर खालून वर फिरवायला लागले. बाह्या, खिसे, छाती. मीटर नेहमीसारखा अधूनमधून टिकटिकत होता, भिंतीपाशीही टिकटिकतो तितकाच. बाटली फुटली ती मनगटाची जागा, तिथे काही नाही. मग कॉलरपाशी आला आणि कुरकुरायला लागला. अगदी बारीक.

"कॉलर," मामा म्हणाले. "आतल्या बाजूने. घाम असावा, किंवा लाळ. आयोडीनच आहे, विझत आलेलं. महिन्याभरापूर्वी हे बरंच असणार. हा कोट घरी कोण घालतं?"

कुणी नाही, म्हटलं. आई इस्त्री करते.

"इस्त्री करताना कॉलरला गाल कशाला लागेल?"

मामांनी कोटाची घडी घातली, मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घरी जा. आज सुट्टी. हा घेऊन जा, लागेल."

भर दुपारी घरी आले. नवरा कामावर. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं, पण कडी नव्हती. ढकललं. आई झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. इस्त्री खिडकीत होती, तिच्यावर धूळ. आईच्या कुशीत माझा दुसरा कोट होता, कालच अडकवलेला. त्याची एक बाही तिने स्वतःच्या गळ्याभोवती घेतली होती आणि कॉलर गालाखाली.

मी दारातच उभी राहिले. महिनाभराचं सगळं एकदम समजलं. मार्चभर बिल्ला कोटाच्या आतल्या खिशात होता. रात्र रात्र तिच्या गळ्याला लागून.

तिला जाग आली. मला बघितलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे भिंतीकडे सरकली, पार कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. "आत नको येऊस. तिथूनच बोल."

"आई, दिवस संपले तुझे. केव्हाच संपले."

"तू म्हणतेस. मला कुठे दिसतंय संपलेलं? तूच सांगितलंस ना, लहान मूल आणि दिवस गेलेल्या बाईच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही."

मी विचारलं, तुला कधी कळलं?

"तू खुर्ची मागे नेलीस त्या दिवशी. त्याआधी शंका होती. माझ्याजवळून तू अशी कधी उठली नव्हतीस, अगदी मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हासुद्धा. म्हटलं, हिला स्वतःची भीती नाही वाटणार. दुसऱ्या कुणाची तरी वाटतेय." मग कोटाकडे बघून म्हणाली, "मागच्या वेळचं माझ्याने बघवलं नाही. यावेळी माझ्यामुळे काही झालं असतं तर? म्हणून दार लावून घेतलं. पण राहवायचं नाही. किरणं चिकटत नाहीत म्हणालीस, मग म्हटलं कोट घेतला तर काय बिघडतंय. कोटाला थोडंच बाळ व्हायचंय." आणि एकदम घाबरून, "बिघडलं का गं काही? कोटातून लागलं का तुला?"

मी रुसवा म्हणत होते त्याला. महिनाभर.

म्हटलं, नाही, आई. बिल्ल्याला लागलं, मला नाही. सांगताना मलाही ते पहिल्यांदाच नीट समजलं. मर्यादेच्या दुपटीवरचा तो आकडा माझ्या अंगावरचा नव्हताच.

मीटर चालू करून तिच्याकडे गेले. ती अजून सरकायला बघत होती, पण मागे भिंत होती. मीटर तिच्या गळ्याला लावला. जरासा जास्त टिकटिकला. माझ्या हाताला लावला, भिंतीला लावला. कान देऊन ऐकलं तरच फरक कळेल एवढाच. आईला पटेना. "सेल संपले असतील त्याचे," म्हणाली.

"संपले नाहीत."

"मग परत लाव."

परत लावला. परत ऐकलं. तिचे हात थरथरत नव्हते, हे मला तेव्हा दिसलं. औषधाने गुण आलाय आणि घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

"घेऊ का मग जवळ?" तिने विचारलं. स्वतःच्या मुलीला विचारत होती.

मी मीटर बंद करून खाटेवर आडवी झाले. तिने कोट बाजूला ठेवला आणि आधी नुसती बोटं माझ्या केसांवर टेकवली, भाजेल की काय असं बघत. मग हात ठेवला. मग डोकं ओढून गळ्याशी घेतलं, बाही होती तिथे.

भीती गेलेली नाही. रक्ताचा निकाल यायचाय, तिसरा महिना सरायचाय, नवऱ्याला संध्याकाळी सांगायचंय. सवयीने मी मनात वेळ मोजायला लागले, एवढ्या अंतरावर एवढी मिनिटं. थोडंसं मोजलं. मग आई म्हणाली, "लिंबू देऊ का पिळून?" आणि माझा हिशेब चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजला नाही.